जिल्हा उस्मानाबादच लिव्ह

रेडिओवरच्या बाईंनी नाव वाचलं. "चांगुणाबाई, वडगाव, तालुका अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद." मागोमाग बासरीचा पहिला सूर निघाला न निघाला, तोच चांगुणामावशीनं बटण फिरवलं. खट्. रेडिओ गप्प.

पंचशीला बघतच राहिली.

"अगं मावशी, गाणं!"

"झालं की."

"काय झालं? आत्ता तर कुठं लागलं."

"नाव झालं," मावशी म्हणाली. तिनं रेडिओवर फडकं टाकलं आणि ज्वारीचं सूप पुढ्यात ओढलं. जणू घरात काही घडलंच नव्हतं.

ते गाणं पंचशीलानं निवडलेलं होतं. चांगला अर्धा तास विचार करून निवडलेलं. नांदेडच्या कॉलेजात मराठी घेऊन ती बी.ए. झाली होती. कोणत्या गाण्याचे शब्द चांगले, कोणतं नुसतं चालीवर तरलं, हे तिला कळत होतं. मावशीच्या फर्माईशीची कार्डं गेली दोन वर्षं तीच लिहीत होती. "गाणं कोणतं लिहू?" असं विचारलं की मावशी म्हणायची, "लिव्ह कोणतंबी." पंचशीलाला वाटायचं, बिचारीला गाण्यांची नावं आठवत नसतील. म्हणून ती आपल्या पदरची चांगली चांगली गाणी लिहून द्यायची. आज पहिल्यांदाच ती गुरुवारी दुपारी मावशीकडे येऊन बसली होती, आपण निवडलेलं गाणं मावशीच्या तोंडावर कसं उमटतं ते बघायला.

ते असं उमटलं. खट्.

वडगाव अहमदपूर तालुक्यातलं. गावाच्या खाली तळं. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं गावाच्याच हातांनी ते खणून घेतलं, तेव्हापासून गावाला तळ्याकाठचं वडगाव म्हणतात. यंदा ब्याऐंशी साली तळ्याच्या मधोमध भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांवरून गुरं चालत होती. तरी नाव तळ्याकाठचंच.

गावचं पोस्ट पंचशीलाच्या घरात होतं. बुद्धविहाराच्या शेजारी, पुढच्या खोलीत एक टेबल, एक तराजू आणि शिक्का. ती पोस्टात लागली तेव्हा गावातली काही म्हातारी माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहून कार्ड मागायची. मनीऑर्डर आली की मात्र आत यायची. चांगुणामावशी पहिल्याच दिवशी आत आली, पोत्यावर बसली आणि म्हणाली, "पोस्टमास्तरीण, आधी तांब्याभर पाणी दे. मग कार्ड." वीस बावीस वर्षांच्या पोरीची आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईची मैत्री त्या तांब्यापासून सुरू झाली.

मावशीचं पोट शाळेत पाणी भरण्यावर आणि दोन एकर कोरडवाहूवर चालायचं. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत साप चावून गेला. ती माहेरी परतली, तोवर माहेरातही एक धाकटा भाऊ तेवढा उरला होता. मारोती. त्याला तिनंच वाढवला. तो आता परगावी होता. निजामाबादेला गिरणीत लागलाय, लई बरं चाललंय, पत्र येतं, असं मावशी सांगायची. गाव मान हलवायचं. पंचशीलाही मान हलवायची. पण पोस्टात बसणाऱ्याला गावातलं खोटं सगळ्यात आधी कळतं. दोन वर्षांत निजामाबादेहून मावशीला एक ओळ आली नव्हती.

मावशीला वाचता येत नव्हतं, पण जगाच्या बातम्या कुठून येतात याबद्दल तिची मतं पक्की होती. पंचशीलानं एकदा सहज विचारलं, तर तिनं एकेकाची झडतीच घेतली.

"पंचायतीचा भोंगा काय कामाचा? टँकर आला, न्हाईतर पट्टी भरा. तिसरं बोलणं न्हाई त्याला."

"आणि एसटी?"

"एसटी चांगली. पर मुकी हाय. माणूस उतरला तरच खबर."

"लातूरहून ते साप्ताहिक येतं ना, सरपंचाकडे?"

"पेपरात मेल्यावर नाव येतं. रेडिओत जित्याचं येतं." मावशीनं हाताचा तळवा रेडिओवर ठेवला. "म्हणून पोस्ट अन् रेडिओ. पोस्टानं जायचं, रेडिओनं फिरायचं. एवढं दोनच इमानदार हायेत."

पंचशीलाला हे वाक्य फार आवडलं होतं. पण नाव झालं की रेडिओ बंद, हे त्यात कुठं बसत नव्हतं. दर सोमवारी कार्ड टाकणारी बाई. तीनचार महिन्यांत एकदा नाव लागणार. आणि ते लागलं की बाई बटण फिरवणार. हौस म्हणावी, तर हौशीला असं खट् करून संपवतं का कोणी?

तिनं दोनतीनदा विचारून पाहिलं. मावशी म्हणायची, "सेल खातंय गाणं." नाहीतर विषय बदलायची.

मग पंधरा ऑगस्ट आला आणि लातूर जिल्हा झाला.

गावात गुलाल उधळला. पाऊस नव्हता, तरी ढोल होता. कलेक्टर कचेरीत कागद द्यायचा तर आजवर उस्मानाबादेला जावं लागायचं. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, आणि साहेब जागेवर नसला तर मधला एक. आता लातूर. तरण्या पोरांनी एसटी थांब्यावरच्या पाटीवरचं जुनं नाव खरवडलं आणि लाल रंगात 'जि. लातूर' लिहिलं. पंचशीलाच्या पोस्टातही कागद आला. यापुढे पत्त्यात नवा जिल्हा लिहावा, लोकांना तसं सांगावं. तिनं तो कागद भिंतीवर डकवला आणि आल्यागेल्याला बजावू लागली. सरकारी बदल आपल्या हातून गावात शिरतोय, याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

सोमवारी मावशी कार्ड घेऊन आली.

"पत्ता पूर्वीचाच लिव्ह."

"आता लातूर, मावशी. तू पण मिरवणुकीत होतीस की!"

"मिरवणूक निराळी. कार्डावर उस्मानाबादच लिव्ह."

"अगं, पण का?"

"म्या म्हणायले म्हणून."

पंचशीला हसली. तिनं लिहिलं. मावशीसमोरच लिहिलं, कारण मावशीला वाचता येत नव्हतं. तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर. जुन्या माणसांचं असं असतंच, असं तिला वाटलं. बदल नको असतो त्यांना. मावशीनं कार्ड कपाळाला लावलं आणि पेटीत टाकलं. पुढचे तीन सोमवार हेच झालं.

सप्टेंबर संपता संपता नाव लागलं. पंचशीला त्या दिवशी पोस्टातच होती. दुपारी दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. मावशी उभी होती. उंबऱ्याबाहेर.

"आत ये की."

"लातूर लिव्हलंस."

पंचशीलाचा हात शिक्क्यावरच राहिला.

"बाईनं वाचलं. जिल्हा लातूर म्हणली. म्या माझ्या कानानं ऐकलं."

"मावशी, आता जिल्हाच तो आहे. रेडिओवाले तरी—"

"मला वाचता येत न्हाई म्हणून तू मला असं करशील?"

एवढं बोलून ती निघून गेली. पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शाळेच्या हौदाजवळ समोरासमोर गाठ पडली, तर तिनं घागर दुसऱ्या काखेत घेतली आणि वाट बदलली.

पंचशीलाला अन्न गोड लागेना. चूक तर झाली होती. पण एका जिल्ह्याच्या नावावरून एवढं? तिसऱ्या रविवारी ती मावशीच्या दारात जाऊन बसली. मावशी चूल सारवत होती. बोलली नाही. चूल सारवून झाली, कडेचा ओटा सारवून झाला, मग मावशीला सारवायला काही उरलं नाही.

"वडगावं किती हायेत, सांग," ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली.

"कुठं?"

"ह्या मुलखात."

पंचशीलानं आठवलं. पोस्टाच्या यादीत वडगावांची रांगच होती. कंधारकडे एक, लोह्याकडे एक, उदगीरकडे दोन. "पुष्कळ आहेत."

"मग मारोतीनं कसं वळखावं, कोणतं वडगाव?"

आणि मग तिनं सांगितलं. तळ्याचं काम चालू होतं. ती आणि मारोती, दोघं खडी फोडायला जायची. संध्याकाळी सरकारी सुकडी, गोडसर पीठ, मिळायची, तीच भाकरी, तेच कालवण. मारोती वीस वर्षांचा. त्याला रेडिओचं वेड. सरपंचाच्या रेडिओवर फर्माईश लागली की हा भिंतीला कान लावून उभा. मुकादमाकडून कार्डं लिहून घेऊन त्यानं वर्षभर परभणीच्या रेडिओ केंद्राला पाठवली. एकदाही नाव लागलं नाही. मग एक दिवस पगार झाला, आणि हा घरी रेडिओ घेऊन आला. ट्रकच्या ड्रायव्हरचा जुना.

"घरात दाणा न्हाई अन् हा रेडिओ. माझं डोस्कं फिरलं. म्या म्हणलं, आता हाच शिजवून खा. माझ्यापशी सुकडी मागू नको." मावशीनं सारवणाचा हात धुतला नव्हता. तो तसाच मांडीवर होता. "त्यानं मागितलीच न्हाई. सकाळी उठले तर कोनाड्यात रेडिओ होता. हा नव्हता."

"निजामाबाद?"

"कसलं निजामाबाद. लोकाला काय सांगू?"

बाहेर कोणीतरी बैल हाकत गेलं. ते जाईपर्यंत मावशी थांबली.

"तो कुठंबी असू दे, फर्माईश ऐकल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. म्हणून धाडते. अक्का हाय, घर हाय, येवढं त्याला कळावं. गाण्याशी मला काय करायचंय? नाव नीट वाचलं का न्हाई, येवढंच ऐकते. चांगुणाबाई, वडगाव, तालुका अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद. त्याला तेवढंच ठाव हाय, पोरी. लातूर जिल्हा झाला तवा तो इथं होता का? लातूर जिल्ह्यात त्याचं गावच न्हाई."

पंचशीलानं बोटांवर हिशेब केला. दहा वर्षं. दर सोमवारी एक कार्ड. आणि आपण कोणत्या गाण्याचे शब्द चांगले, याचा अर्धा अर्धा तास विचार करत बसलो.

मग ती म्हणाली, "मावशी, कार्डावर मारोतीचं नाव का नाही टाकत?"

"येडी का काय! निजामाबादेत असलेल्या माणसाचं नाव वडगावच्या कार्डावर? गाव इचारील की. धा वर्षं झाकलंय म्या."

"गावाला माहीत आहे, मावशी."

मावशीनं मान वळवली.

"सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही एवढंच."

मावशी उठली. हात धुतले. पदराला पुसले. मग आतून एक कोरं कार्ड घेऊन आली. ते कार्ड तिच्याकडे तीन आठवडे पडून होतं.

"लिव्ह," ती म्हणाली. "आधी त्याचं. मग माझं."

पंचशीलानं लिहिलं आणि या वेळी प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. मारोती आणि त्यांची बहीण चांगुणा. तळ्याकाठचं वडगाव, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर, पूर्वीचा उस्मानाबाद. खाली तिनं रेडिओवरच्या बाईंना विनंतीही लिहिली, की पत्ता पूर्ण वाचावा. अशी पाच कार्डं गेली.

दिवाळी झाली. टँकर दिवसाआड येऊ लागला. पाचव्या कार्डाला बाईंनी नाव वाचलं, आणि पत्ता शेवटपर्यंत वाचला. पूर्वीचा उस्मानाबाद, हेसुद्धा. गावात कोणी काही विचारलं नाही. फक्त भामाबाई म्हणून शेजारीण होती, ती संध्याकाळी येऊन मूठभर शेंगा ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "बेस केलंस."

आठव्या दिवशी टपालाच्या थैलीत एक कार्ड निघालं. अक्षर शाळकरी, गोल. शिक्का हिमायतनगरचा. पंचशीलानं पत्ता वाचला आणि शिक्का न मारताच ती धावत सुटली.

"चांगुणाबाईंना तारामतीचा नमस्कार," तिनं अंगणातच वाचायला सुरुवात केली. "आपली ओळख नाही. मागच्या गुरुवारी रेडिओत नाव ऐकलं. आमचे मालक जेवत होते. ते ताटावरून उठले आणि मागल्या दारी जाऊन बसले. विचारलं तर म्हणतात, दुसरा कोणी मारोती असेल. त्यांचं गाव वडगावच आहे. आमच्या लग्नाला त्यांच्याकडचं माणूस नव्हतं. तुमच्या भावाची डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे का, ते कळवावं. त्यांना न सांगता लिहिलं आहे. रागावू नये."

मावशी भिंतीला टेकली. "खडी फोडताना," ती म्हणाली. "हातोडा बसला व्हता."

"मी आत्ता उत्तर लिहिते. आजच्याच एसटीनं—"

"लिव्हू नको. पत्र धाडलं तर तो आणिक ऐकतच बशील. हिमायतनगरला कसं जायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. पंचशीलानं वडिलांना पोस्टात बसवलं. अहमदपूर, लोहा, मग नांदेड, तिथून दुसरी गाडी. मावशीनं सबंध वाटेत तोंड उघडलं नाही. हिमायतनगरची पाटी दिसली तेव्हा तेवढी म्हणाली, "इतक्या जवळ?"

मारोतीचं सायकलींचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. तिशीचा माणूस, कपाळावर आत्ताच पांढरी बट. तो चाकाची तार आवळत होता. समोर सावली आली तशी त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा चाकाकडे बघितलं. चाक गरगर फिरत होतं. ते त्यानं हातानं थांबवलं.

"कशाला आलीस?"

"नाव ऐकलंस न्हवं?"

"आजच ऐकलं का?" तो फटकन उभा राहिला. "धा वर्षं ऐकायलोय. चांगुणाबाई, वडगाव. चांगुणाबाई, वडगाव. मला म्हणलीस रेडिओ शिजवून खा. अन् म्या घर सोडलं तशी त्याच रेडिओवर फर्माईशी! म्या वर्षभर कार्डं धाडली, माझं एकदा लागलं न्हाई. तुझं बघावं तवा लागतंय. खिजवायलीस मला, दुसरं काय?"

पंचशीलाला आत्ता उलगडलं. हाक पोहोचत होती. पहिल्या वर्षापासून दर वेळी पोहोचत होती. आणि दर वेळी ती टोमणा होऊन पोहोचत होती.

मावशी उभीच होती. शेवटी तिनं पंचशीलाचा दंड धरला आणि तिला पुढं ओढलं. "सांग की ग ह्याला. माझं पटायचं न्हाई. तू शिकलेली हायेस."

"मावशीनं एकही गाणं ऐकलेलं नाही," पंचशीला म्हणाली. "नाव वाचून झालं की रेडिओ बंद करते. मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्यापर्यंत गावाचं नाव यावं, एवढ्यासाठी ती कार्डं टाकते. दर सोमवारी."

मारोती तिच्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे.

"एकबी न्हाई?"

"न्हाई."

"मग सेल कशाला जाळलेस?"

"तुला हाक मारायला," मावशी म्हणाली. "दुसरं काय व्हतं माझ्यापशी?"

तो मटकन स्टुलावर बसला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मागच्या पडद्याआडून एक बाई आली. हाताला पीठ लागलेलं. तिनं मावशीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि पदर सावरून मावशीच्या पाया पडली. ही तारामती. कार्ड आपण टाकलं होतं हे सांगायची वेळ आता टळून गेली होती. तिनं सांगितलंही नाही. आत जाऊन तिनं दोन पाट मांडले, थोडं थांबून तिसरा मांडला.

जेवताना मारोती खाली बघूनच बोलत होता. बैलाचं विचारलं. तळ्याला पाणी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "तिथली जागाच चुकली. तवाच म्हणालो व्हतो म्या मुकादमाला."

"व्हय, लई शहाणा तू," मावशी म्हणाली. तारामती हसली आणि घाईघाईनं भाकरी वाढायला लागली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जिल्हा बदलला म्हणं."

"व्हय. समदे कागद नवे करायलेत. रेशनकार्डबी. तलाठी घरी आला व्हता."

मारोतीचा घास हातातच राहिला. "मग माझं नाव काढलं असंल त्यानं."

"काढतो म्हणला. इचारलं, हा माणूस धा वर्षं दिसला न्हाई, कुठं असतो?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, कामाला गेलाय. येईल जेवणवेळेला."

मारोतीनं घास ताटात ठेवला. तारामती आत पाणी आणायला उठली. पंचशीलाही तिच्या मागोमाग उठली, आणि चुलीपाशी दोघी उगाचच एका तांब्याला हात लावून उभ्या राहिल्या. मग बाहेरून मारोतीचा आवाज आला, "अक्का, कालवण घे की. तिखट हाय का लई?"